मेणबत्तीतून गळलेलं तेल

लंडनच्या थेम्स नदीला भरती-ओहोटी आहे. भरतीचं पाणी चढलं की बॅटरसीच्या दक्षिण काठावर मालाचे पडाव येऊन लागायचे. पिंपांत कधी सिलोनचं खोबरेल, कधी पश्चिम आफ्रिकेचं पामतेल. कारखाना मेणबत्त्यांचा, 'प्राइसेस पेटंट कँडल कंपनी'. आपण मात्र आलोय तिथल्या तेलासाठी.

जुनी चरबीची मेणबत्ती धुरकट, कुबट वासाची. वात सारखी कातरावी लागे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्ह्रल यानं चरबीची घडण उलगडून दाखवली. तिच्यातलं ग्लिसरीन सुटं केलं आणि उरलेलं दाबलं, की घट्ट भाग मागं राहतो, पातळ भाग निथळतो. घट्ट भागाची मेणबत्ती व्हायची. 1840 मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या लग्नाच्या रोषणाईसाठी प्राइसनं स्टिअरिन, म्हणजे हाच घट्ट भाग, आणि खोबरेलाची स्वस्त मेणबत्ती काढली. वात कातरायची कटकट संपली.

आणि निथळलेलं तेल? ते कोण ओतून देणार! ऑलेइन त्याचं नाव. कातण्याआधी लोकरीला लावायला गिरण्या ते घेऊन जात.

1842 साली कंपनीच्या जॉर्ज फर्ग्युसन विल्सननं जोन्सबरोबर पेटंट घेतलं: चरबीवर गंधकाम्ल, मग वाफेच्या मदतीनं ऊर्ध्वपातन. आता कसलीही काळी, नाक धरायला लावणारी चरबी चालू लागली. माल निवडून घ्यायची गरज संपली, म्हणजे धंद्याची खरी अडचणच संपली.

मग 1850 च्या दशकात नदीतून एक निराळंच पिंप आलं. रंगूनचं तेल.

हे तेल ब्रह्मदेशातल्या इरावतीकाठच्या येनानजाऊंगचं. या नावाचा अर्थच घाण वासाच्या पाण्याचा ओढा. तिथं हातानं खणलेल्या विहिरी, आणि त्यांचा हक्क ठरावीक घराण्यांकडे वंशपरंपरेनं. रंगून 1852 मध्ये इंग्रजांनी घेतलं होतं, विहिरी मात्र अजून राजा मिंडोनच्या मुलखात. त्याचाच मुलगा थिबा. होय, आपल्या रत्नागिरीत 1886 मध्ये नजरकैदेत आणलेला थिबा राजा.

इंग्रज रसायनशास्त्रज्ञ वॉरन डे ला रू यानं या तेलाच्या ऊर्ध्वपातनाची रीत काढली आणि प्राइसनं ती उचलली. एकाच कच्च्या तेलातून दिव्याचं तेल, यंत्राचं वंगण आणि मेणबत्तीचं पॅराफिन. मेणबत्त्या विझवायला आलेल्या गॅस आणि विजेच्या काळात वंगणाचा हा जोडधंदा किती उपयोगी पडला असेल, याचा अंदाज बांधायला फार हुशारी लागत नाही. विसाव्या शतकात मोटारी आल्या. त्यांच्यासाठी प्राइसचं तेल होतं 'मोटरीन'.

1919 मध्ये लीव्हर ब्रदर्सनं कंपनी घेतली. पुढं तेल कंपन्याही वाटेकरी झाल्या.

डब्यावर नाव शेवटपर्यंत प्राइसचंच. हा प्राइस म्हणून कुणी मालक मात्र नव्हता. 1830 मध्ये विल्यम विल्सन आणि बेंजामिन लँकेस्टर यांनी कारखाना काढला, तेव्हा मेणबत्तीचा धंदा हलका समजत. म्हणून दोघांनी पाटीवर, असं सांगतात, लँकेस्टरच्या नात्यातल्या एका बाईचं आडनाव लावलं.