चवथीची खरूज दसऱ्याला

नमस्कार श्रोतेहो.

गणेश चवथ झाली, मुंबई-पुण्याची मंडळी परत गेली, गणपतीच्या वर टांगलेल्या माटोळीची फळंही वाटून संपली. दसरा जवळ आला की आमच्या ओपीडीत खाजवत येणारी घरंच्या घरं दिसू लागतात.

"पित्त उठलंय, डॉक्टर," म्हणतच माणूस आत येतो. आमसुलाचं पाणी लावून झालेलं असतं. मी म्हणतो, हात पुढे करा. बोटांच्या बेचक्यांत आणि मनगटावर बारीक पुरळ, मध्येच एखादी केसाएवढी नागमोडी रेघ. कमरेला नाडी बसते तिथेही तेच. खाज जास्त कधी? रात्री, अंथरुणात शिरल्यावर. घरात आणखी कुणाला? इथे तो गप्प होतो. मग बायको हळूच सांगते, "धाकट्यालाही आहे."

ही खरूज. तिचा किडा अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान. मादी कातडीच्या वरच्या थरात पोखरत जाऊन अंडी घालते. पहिल्यांदाच लागण झालेल्याला खाज सुटायला ४ ते ६ आठवडे लागू शकतात, आणि तोवर तो नकळत इतरांना ती देत असतो. चवथ ते दसरा मोजा, पाच आठवडे भरतात! मूळ घरी एका चादरीत चार भावंडं झोपली, एवढं तिला पुरतं. अस्वच्छ माणसालाच ती होते, हा समज मात्र काढून टाका. दोनदा आंघोळ करणाऱ्यालाही ती सोडत नाही.

फार्मसीत जाऊन "खाजेचं काहीतरी द्या" म्हणू नका. त्या ट्यूबमध्ये बहुधा स्टिरॉइड असतं. खाज दबते, किडा राहतो आणि पुरळ असं बदलतं की आम्हालाही ओळखायला जड जातं. लावलं असेल तर ती ट्यूब सोबत आणा, कुणी रागावणार नाही. आणि यासाठी बांबोळीच्या मोठ्या सरकारी इस्पितळात धावायची सहसा गरज नसते, जवळच्या आरोग्य केंद्रात जा.

औषध बहुतेक वेळा परमेथ्रिन ५ टक्के हे मलम. चूक होते ती लावण्यात. खाजतं तिथे टिकली लावून भागत नाही. रात्री अंग कोरडं करून मानेपासून तळपायापर्यंत सगळीकडे, बेंबीत, नखांखाली, जांघेतसुद्धा लावा. ८ ते १४ तासांनी आंघोळ. मध्ये हात धुतले तर हातांना पुन्हा लावा. आठवड्याने परत एकदा. तान्ह्या बाळाला आणि गरोदर बाईला मात्र डॉक्टरांना विचारूनच.

आणि हे घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री करायचं. "मला कुठे खाजतंय?" म्हणणाऱ्या आजीनेही. एक जण औषधाविना राहिला की महिन्याभरात पुन्हा पहिल्यापासून.

कपडे-चादरी गरम पाण्यात धुवा. पावसात वाळत नसतील तर प्लास्टिकच्या पिशवीत आठवडाभर बांधून ठेवा. माणसाच्या अंगाबाहेर हा किडा फार तर दोन-तीन दिवस जगतो.

उपचारानंतरही दोन-चार आठवडे खाज राहू शकते. म्हणून रोज मलम थापू नका. पू झाला, ताप आला किंवा नवं पुरळ उठत राहिलं, तर परत दाखवा.

राहिला एक फोन. चवथीला एका खोलीत झोपून मुंबईला परतलेल्या मेहुण्याला कळवा. संकोच वाटला तर डॉक्टरांनी सांगितलंय म्हणा.

नमस्कार.