अक्कांच्या बिड्या आणि क्ष

नमस्कार श्रोतेहो. सातवी-आठवीतली मुलं घरात असतील तर रेडिओजवळ बोलवा, कागद-पेन घेऊनच.

बीजगणितात मुलं वाक्यापाशी अडतात. मीही अडले होते. सोलापुरात पूर्व भागात आमचं घर, शेजारी अक्का. मांडीवर सूप, सुपात तेंदूपत्ता नि तंबाखू; दिवसभर बिड्या वळायच्या. घरात तेलुगू, आमच्याशी मराठी. शाळेत कधी गेल्या नव्हत्या. एका संध्याकाळी मला म्हणाल्या, "आज कालच्या दुपटीला 100 कमी पडल्या बघ. 700 झाल्या. मग काल किती?"

मी कालच्या बिड्यांना क्ष धरलं. भास्कराचार्य 1150 च्या सुमारास याच अज्ञात संख्येला 'यावत्तावत्' म्हणत, म्हणजे जेवढी असेल तेवढी, आणि लिहिताना नुसतं 'या'. तर क्ष मधून मी 100 वजा केले, मग दुप्पट केली, ती 700 बरोबर मांडली. उत्तर आलं 450. अक्कांचा हात चालूच. "काल 400 च होत्या की गं. 25 ची एक जुडी, मग या 2 जुड्या जास्तीच्या कुठनं आणल्यास?" मी वही वाचून दाखवली. ऐकून म्हणाल्या, "मी आधी दुप्पट म्हटलं. तू आधी 100 काढलीस."

चूक एवढीच होती. पुन्हा सांगते, लिहून घ्या. दुपटीला 100 कमी, म्हणजे 2क्ष वजा 100. आणि 100 काढून उरलेल्याची दुप्पट, म्हणजे कंसात क्ष वजा 100, कंसाबाहेर 2. आधी काय करायचं ते वाक्यातच असतं. इथवर ती नुसती राशी, म्हणजे बरोबरच्या चिन्हाशिवायची मांडणी. 'झाल्या' शब्द आला की बरोबरचं चिन्ह, आणि समीकरण तयार: 2क्ष वजा 100 बरोबर 700. म्हणून 2क्ष 800, क्ष 400.

सेमी-इंग्रजीच्या पालकांना एक कळकळीचं सांगणं. 'संख्येपेक्षा 5 ने कमी' हे ऐकलं तसंच लिहिता येतं, क्ष वजा 5. इंग्रजीत मात्र 'फाइव्ह लेस दॅन अ नंबर'. 5 आधी ऐकू येतो आणि मूल 5 वजा क्ष लिहून मोकळं होतं. गणित एकदा तरी घरच्या भाषेत वाचून घ्या. मराठी, तेलुगू, कन्नड, जी असेल ती.

आता तुमच्यासाठी एक. शेंगाचटणीची सारख्या किमतीची 3 पाकिटं आणि 60 रुपयांच्या कडक भाकरी घेतल्या, बिल 300 झालं. एका पाकिटाला क्ष धरा, आणि 'झालं' कुठे आलंय ते आधी बघा.