कापलं तरी वाढतं, नांगरलं की संपतं

[दृश्य: गवताचा एक ठोंब, जमिनीलगत, अगदी जवळून]

गवताचं एक पातं मधोमध कापा आणि दोन दिवसांनी पुन्हा पाहा. कापलेलं टोक तसंच बोथट असेल, पण पातं उंच झालेलं असेल. पात्याची वाढ बुडाशी होते. नव्या पेशी तळात तयार होतात आणि जुना भाग वर सरकत जातो. नवी पाती, फुटवे आणि मुळं जिथून निघतात, तो वाढीचा कोंब तर त्याच्याही खाली, मातीला टेकून, जुन्या पात्यांच्या वेढ्यात दडलेला असतो. रोपट्याचा शेंडा एखाद्या जनावरानं खुडला की ती फांदी तिथंच थांबते. गवताचा शेंडा खुडला तर कोंबाला पत्ताही लागत नाही.

टेनिसचं कोर्ट, आफ्रिकेतली कुरणं आणि मध्य आशियातला स्टेप (झाडं नसलेला विस्तीर्ण गवताळ प्रदेश), या तिन्ही ठिकाणी गवत टिकतं ते या रचनेमुळे. किती खाली कापायचं, किती वेळा कापायचं आणि मग किती दिवस हात लावायचा नाही, एवढंच ठरवायचं असतं. चुकतं ते बहुतेक वेळा तिसऱ्या बाबतीत.

[दृश्य: कोर्टवर फिरणारं रीळ मशीन]

विम्बल्डनच्या कोर्टवर स्पर्धेच्या काळात गवत ८ मिलिमीटरवर राखतात. २००१ पासून तिथं फक्त बारमाही रायग्रास पेरलं जातं. त्याआधी त्यात फेस्क्यू जातीचं गवत मिसळलेलं असायचं. रायग्रास घासणं-तुडवणं जास्त सोसतं, शिवाय त्याखालची माती कोरडी आणि घट्ट ठेवता येते. चेंडू किती उसळणार हे प्रामुख्यानं ती मातीच ठरवते. गोल्फच्या ग्रीनवर, म्हणजे खळग्याभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवर, गवत याहून खाली, साधारण ३ मिलिमीटरवर असतं. तिथं बेंटग्रासच्या बारीक पानांच्या जाती लावतात, कारण इतक्या खाली कापल्यावर दाट फुटवे धरून ठेवणाऱ्या जाती मोजक्याच आहेत.

खाली कापण्याची किंमत मुळं मोजतात. पातं म्हणजे झाडाचं स्वयंपाकघर. ते लहान केलं की मुळांना पुरवठा कमी पडतो आणि ती उथळ होतात. उथळ मुळांचं गवत उन्हाच्या पहिल्याच तडाख्यात मान टाकतं. मैदान राखणारे म्हणून एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त उंची कापत नाहीत. ३० मिलिमीटर उंची हवी असेल, तर गवत ४५ला पोहोचलं की मशीन फिरलीच पाहिजे. पावसात आठवडाभर कापणी राहिली आणि गवत ८० मिलिमीटरवर गेलं, तर एका दिवसात ३०वर आणायचं नाही. तीन दिवसांच्या अंतरानं टप्प्याटप्प्यानं खाली यायचं. घाई केली की हिरवी पाती जातात आणि खालचे पिवळट देठ उघडे पडतात.

पातं कापलं जातं की फाटतं, हेही पाहावं लागतं. रीळ मशीनमध्ये फिरती पाती खालच्या स्थिर पात्यावर कात्रीसारखी घासून जातात. धार आणि दोन्हींमधलं अंतर बरोबर आहे का, हे कागदाची पट्टी घालून तपासतात. कागद दुमडला किंवा फाटला, तर गवतही फाटणार. फाटलेली टोकं दुसऱ्या दिवशी पांढुरकी-तपकिरी दिसतात आणि बुरशीला वाट मोकळी होते. हे यंत्र इंग्लंडमधल्या एडविन बडिंगनं १८३० मध्ये आणलं. कापड गिरणीत लोकरी कापडावरची लव छाटणाऱ्या यंत्रावरून त्याला ते सुचलं होतं. त्याआधी हिरवळ विळ्यानं कापत किंवा मेंढ्यांकडून चारून घेत. मेंढ्यांचं काम वाईट नव्हतं, हे मान्य करायला हवं.

[दृश्य: क्रिकेटची खेळपट्टी, आडवा छेद]

क्रिकेटच्या २०.१२ मीटर लांब पट्टीवर गवताचं खरं काम डोळ्यांना दिसत नाही. खेळपट्टीची माती चिकण असते आणि ती वाफशावर असताना रोलर फिरवून दाबतात. फार ओली असेल तर माती रोलरपुढे ढकलली जाऊन लाटा पडतात, फार कोरडी असेल तर दबतच नाही. पण दाबलेली चिकणमाती खालपासून वरपर्यंत सारखी सुकवायची कशी? उन्हानं फक्त वरचा पापुद्रा सुकतो. खालचं पाणी ओढून काढतात ती गवताची मुळं. सामन्याच्या फार आधी पट्टी खरवडून टाकली तर मुळं ओढणं थांबवतात, वर टणक पापुद्रा आणि खाली ओल अशी स्थिती होते, आणि खेळ सुरू झाला की तो पापुद्रा ढलप्यांनी उचकटतो. म्हणून जाणते लोक गवत जिवंत ठेवून पट्टी सुकवतात आणि शेवटची बारीक कापणी सामन्याच्या तोंडावर करतात. नंतरही मेलेली मुळं मातीला धरून ठेवतात.

फुटबॉलच्या मोठ्या मैदानांवर आता गवताच्या मुळांमध्ये कृत्रिम धागे शिवलेले असतात. ते साधारण २० सेंटिमीटर खोल जातात आणि मुळं त्यांना वेढा घालतात, त्यामुळे गवताचा ढेकूळच्या ढेकूळ निघत नाही. उंच प्रेक्षागारांच्या सावलीवर मात्र हा इलाज चालत नाही. तिथं चाकांवरचे दिवे तासन् तास गवतावर लावून ठेवतात. अमेरिकेत ह्यूस्टनचं ॲस्ट्रोडोम हे बंदिस्त स्टेडियम १९६५ मध्ये उघडलं तेव्हा पारदर्शक छताखाली खरं गवत होतं. छताच्या चकाकीत खेळाडूंना चेंडू दिसेना, म्हणून छताची तावदानं रंगवली. प्रकाश गेला, गवत मेलं आणि १९६६ मध्ये तिथं प्लास्टिकचं गवत आलं.

[दृश्य: सेरेंगेटी, झेब्रे आणि विल्डबीस्ट एकत्र]

पूर्व आफ्रिकेतल्या सेरेंगेटीच्या कुरणांत कापणीचा क्रम ठरलेला आहे, आणि कापणारी जनावरं असतात. उंच, राठ गवतात आधी झेब्रे शिरतात. झेब्रा रवंथ करत नाही. निकृष्ट चारा भराभर खाऊन तो भराभर पुढे ढकलतो, म्हणून देठ आणि टोकं त्याला चालतात. वरचा राठ भाग गेला की सुमारे १३ लाख विल्डबीस्ट (गाईसारखे दिसणारे मोठे कुरंग) मागून येतात आणि पानं खातात. त्यांच्या मागं थॉम्सन गझेल, बारीक तोंडाचं हरीण, नुकती फुटलेली कोवळी पानं वेचून खातं. गवत प्रतिकार करतंच: पात्यांत वाळूसारखे सिलिकाचे कण असतात आणि ते दात झिजवतात. घोड्याच्या कुळात आणि गवत खाणाऱ्या बहुतेक जनावरांत म्हणूनच दाढा उंच असतात, आयुष्यभर झिजायला पुरतील अशा.

दक्षिणेकडच्या आखूड गवताच्या मैदानात ज्वालामुखीची राख आहे आणि खाली चुनखडीचा टणक थर. मुळं खोल जात नाहीत, गवत घोट्याएवढंच राहतं, पण त्यात कॅल्शियम आणि फॉस्फरस भरपूर. विल्डबीस्टच्या माद्या फेब्रुवारीच्या सुमारास पिल्लं देतात त्या इथंच. पाऊस संपला की इथं प्यायला पाणी उरत नाही आणि कळपांना निघावंच लागतं. ही सक्तीची विश्रांती नसती, तर हे मैदान कधीच उघडं पडलं असतं.

[दृश्य: वाऱ्यावर हेलकावणारं पिसारेदार गवत, मग एका बीचा जवळून शॉट]

डॅन्यूबपासून मंचुरियापर्यंत सुमारे ८,००० किलोमीटर स्टेपचा पट्टा आहे. वर्षाला साधारण २५० ते ५०० मिलिमीटर पाऊस. झाडांना कमी, गवताला पुरेसा. इथल्या गवताचा मोठा हिस्सा जमिनीखाली मुळांत असतो. तीच मुळं हजारो वर्षं कुजत राहिल्यानं चेर्नोझेम ही काळी, सकस माती तयार झाली.

स्टिपा वंशाच्या या पिसारेदार गवताचं बी जवळून पाहण्यासारखं आहे. टोक सुईसारखं, त्यावर मागं वळलेले ताठ केस. बीच्या वर लांबच लांब कुसळ: खालचा भाग पिळलेला, मध्ये कोपरासारखा बाक आणि वर पिसारा. पिसाऱ्यामुळे बी वाऱ्यावर जातं. जमिनीवर पडल्यावर दवानं कुसळाचा पीळ सुटतो, उन्हानं पुन्हा बसतो. बाक गवतात अडकलेला असल्यानं प्रत्येक वेळी फिरतं ते बी. ते मातीत शिरत जातं आणि उलटे केस त्याला बाहेर येऊ देत नाहीत. मेंढीच्या लोकरीतही हेच घडतं. काही जातींचं बी कातडी भेदून आत जातं, म्हणून बी पिकायच्या दिवसांत मेंढपाळ अशा कुरणापासून कळप दूर ठेवतात.

मंगोलियात जुलैमध्ये नादाम उत्सवाच्या घोड्यांच्या शर्यती होतात त्या याच उघड्या गवतावर. आखलेला ट्रॅक नसतो. घोड्याच्या वयानुसार अंतर वाढतं, मोठ्या घोड्यांना २० किलोमीटरहून जास्त. इथं मैदान राखतात ते कळप. उन्हाळी आणि हिवाळी कुरणं वेगळी असतात आणि हिवाळी कुरणाला उन्हाळ्यात तोंड लावू द्यायचं नसतं. बर्फ पडल्यावर घोडे खुरानं तो उकरून खालचं वाळलेलं गवत खातात आणि मेंढ्या त्यांच्या मागून फिरतात. पण बर्फ वितळून पुन्हा गोठला आणि वर काचेसारखा थर बसला, तर घोड्याचंही खूर चालत नाही. अशा जीवघेण्या हिवाळ्याला तिथं झुड म्हणतात. २००९-१० च्या झुडमध्ये ८० लाखांहून जास्त जनावरं दगावली. आधीच्या उन्हाळ्यात दुष्काळ पडला होता. जनावरं हिवाळ्यात शिरली तीच हडकलेली.

चरणं, आग, उणे ४० अंशांची थंडी, हे सगळं स्टेपचं गवत सोसतं, कारण यातलं काहीच मातीतल्या कोंबापर्यंत सहजी पोहोचत नाही. नांगर पोहोचतो. १९५४ पासून सोव्हिएत संघानं पडीक जमीन लागवडीखाली आणण्याची मोहीम चालवली आणि कझाकस्तान व सायबेरियातला अफाट स्टेप नांगरला. सुरुवातीच्या काही वर्षी पीक चांगलं आलं. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला वाऱ्यानं वरची माती उडायला लागली, कारण तिला धरणारी मुळं राहिली नव्हती. नंतर सोडून दिलेल्या शेतांत आधी तण आलं, मग जमिनीखालून पसरणारी गवतं. ठोंबाचं पिसारेदार गवत परतायला दशकं लागतात.

उलट, गवताला अजिबात हात लावला नाही तरी बिघडतं. रशियात कुर्स्कजवळ १९३५ मध्ये स्टेपचं राखीव क्षेत्र झालं. तिथं काही पट्टे कापतात, काही चारतात आणि काही तसेच सोडतात. सोडलेल्या पट्ट्यांत मेलेल्या पात्यांचा जाड थर साठतो, कोवळ्या रोपांना उजेड मिळत नाही आणि झुडपं शिरतात. गोल्फच्या ग्रीनवर साठणारा थर हाच. तिथं पोकळ दाताच्या यंत्रानं तो भोकं पाडून काढतात आणि वाळू भरतात. कुर्स्कला विळा आणि मशीन पुरते. कापल्या जाणाऱ्या पट्ट्यांत एका चौरस मीटरमध्ये ८०हून अधिक जातींच्या वनस्पती मोजल्या गेल्या आहेत, आणि कापणीच्या चक्रात मधलं एखादं वर्ष त्यांना बी धरण्यासाठी मोकळं सोडलं जातं.