सर्व्हर डाऊन आहे, काकू

[दृश्य : गिरगावातली चाळ, रात्रीचे साडेआठ. गॅलरीत एक काकू, तोंडावर मोबाइलचा उजेड.]

बँकेत, पोस्टात, रेशनच्या दुकानात मुंबईकराला एक वाक्य हमखास ऐकू येतं. ‘सर्व्हर डाऊन आहे.’ त्यावर कोणी ‘का?’ म्हणून विचारत नाही. समुद्राला भरती आली म्हटल्यावर कोण विचारतं?

खरं तर सर्व्हरला आपल्याकडे जेवणावळीतला जुना शब्द आहे, वाढपी. आपण मोबाइल घेऊन पानावर बसलेले, वाढपी दूर कुठल्यातरी डेटा सेंटरमध्ये, आणि त्याच्या पाठीमागे भटारखाना, म्हणजे खरी नोंद ठेवणारी आतली यंत्रणा. मागाल ते तो आणतो, आणि दर खेपेला सोबत तीन आकडी निरोप देतो. 200 म्हणजे घ्या, गरम आहे. 404 म्हणजे असा पदार्थच आमच्याकडे नाही. (वेबचा जन्म जिथे झाला त्या सर्न संस्थेत 404 नंबरची खोली होती, तिच्यावरून हा आकडा आला, ही गोष्ट सांगायला छान आहे, पण ती दंतकथा.) चारने सुरू होणारा निरोप म्हणजे मागणाऱ्याचं काहीतरी चुकलं. पाचने सुरू होणारा म्हणजे घोळ वाढणाऱ्यांकडे. एवढा भेद दोन्ही बाजूंना माहीत असला, तरी फोनवरचं निम्मं भांडण वाचेल.

समजा, या काकू विम्याचा हप्ता भरतायत. उद्या शेवटची तारीख. ओटीपी टाकला, गोल चक्र फिरत राहिलं, आणि पडद्यावर आलं 504.

हा निरोप सगळ्यांत वाईट. वाढप्यानं आत विचारलं, आतून वेळेत उत्तर आलं नाही, एवढंच त्याचं म्हणणं. म्हणजे पैसे गेले असतील, किंवा नसतील. भटारखान्यात ताट भरलंही असेल, फक्त बाहेर कोणी सांगितलं नसेल. 504 चा खरा अर्थ ‘मला माहीत नाही’ असा आहे. आणि ग्राहक सेवेच्या लेखी स्क्रिप्टमध्ये ‘मला माहीत नाही’ हे वाक्य सहसा नसतं.

[दृश्य : मालाडचं कॉल सेंटर. हेडफोन लावलेल्या पाठमोऱ्या रांगा.]

काकू फोन लावतात. मराठीसाठी अमुक दाबा, जुन्या तक्रारीसाठी तमुक दाबा, मग संगीत. या संगीतामागे कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतला एक गणिती उभा आहे, अॅग्नर अर्लांग. फोन येण्याचं संभाव्यतेचं गणित त्यानं 1909 मध्ये मांडलं, थांबावं लागण्याची सूत्रं 1917 मध्ये. तासाला 60 फोन, प्रत्येक 3 मिनिटांचा, असं धरा. बोलणं होतं 180 मिनिटांचं, म्हणजे तीन माणसं पुरे, असं कुणीही म्हणेल. पण फोन काही वेळापत्रक बघून येत नाहीत. (लोकल तरी कुठे येते!) तीनच माणसं ठेवली, तर रांग वाढतच जाते. चार ठेवली, तर निम्म्या लोकांना थांबावं लागतं आणि सरासरी प्रतीक्षा दीड मिनिटाची होते. पाचवा माणूस बसवला, की तीच प्रतीक्षा वीस-बावीस सेकंदांवर येते. म्हणून ‘आमचे सर्व प्रतिनिधी व्यग्र आहेत’ ऐकू आलं, की तो पाचवा पगार कोणीतरी वाचवलाय असं मी तरी समजतो.

फोन लागतो. पलीकडे बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा.

‘मॅडम, एकदा कॅश क्लिअर करून बघा.’

‘कॅश? अरे, खात्यातली?’

काकूंचं काही चुकलं नाही. शब्द मुळात फ्रेंच, लपवून ठेवणे या अर्थाचा, आणि इंग्रजीत त्याचा उच्चार अगदी रोख रकमेसारखाच. जुनी खोडं म्हणूनच मुद्दाम ‘कॅशे’ म्हणतात. त्याचा अर्थ, पुन्हा पुन्हा आत जायला नको म्हणून मोबाइलनं हाताशी ठेवलेली शिळी प्रत. ती पुसली, की पुढचं पान ताजं मिळतं. पण काकूंचं पान शिळं नव्हतंच! अडलं होतं आतल्या उत्तरावर. तरीही सल्ला कॅशेचाच, कारण कागदावरची पहिली पायरी तीच.

दुसरी पायरी कुकी. वाढप्याला विसराळूपणाचा आजार आहे. दर खेपेला तुम्ही त्याला नवे. 1994 मध्ये नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली यानं त्यावर तोड काढली. देवळाबाहेर चपला ठेवल्यावर हातात बिल्ला मिळतो ना, तसंच हे. बिल्ला तुमच्याकडे, चपला त्यांच्याकडे. कुकी पुसा म्हणजे बिल्ला फेकून द्या. काकूंनी सांगितल्याप्रमाणे फेकला, आणि आता त्यांना पासवर्ड आठवत नाही.

मुलगा तिकीट काढतो. हे तिकीट प्रवासाचं नव्हे, तक्रारीचं. प्रवास मात्र त्यालाही असतो. पहिल्या पायरीवरून दुसरीकडे, तिथून तिसरीकडे. या ढकलण्याला एस्कलेशन म्हणतात. तिकिटाच्या डोक्यावर घड्याळ असतं, एसएलए नावाचं : इतक्या तासांत पहिलं उत्तर, इतक्या तासांत निकाल. ‘तुमच्याकडून आलेला संदेश मिळाला’ एवढं छापील वाक्य गेलं, तरी काही ठिकाणी पहिलं उत्तर झालं. आणि तिकिटावर ‘ग्राहकाच्या उत्तराची प्रतीक्षा’ असा शिक्का मारला, की घड्याळ थांबतं. उगाचच एखादा स्क्रीनशॉट मागण्यामागे पुष्कळदा हे असतं.

[दृश्य : पावसाळा, हिंदमाता. पाणी उपसणारा पंप.]

या धंद्याची निम्मी परिभाषा 1980 च्या दशकात ब्रिटिश सरकारच्या एका संस्थेनं घडवली. तिच्यात इन्सिडंट वेगळा आणि प्रॉब्लेम वेगळा. हिंदमाताला पाणी साचलं, हा इन्सिडंट. पंप लावला, वाहतूक सुरू झाली, इन्सिडंट बंद. पाणी दर वर्षी इथेच का येतं, हा प्रॉब्लेम. तो बंद करायला रस्त्याखालचं उकरावं लागतं.

काकूंचं तिकीट इन्सिडंटच्या खात्यात पडलं.

[दृश्य : पुन्हा मालाड. कोपऱ्यातल्या टेबलाशी एक ताई, समोर स्टीलचा डबा.]

मुलगा उठून ताईंकडे जातो. ताई या टेबलावर अकरा वर्षं आहेत. डब्याचं झाकण न लावताच त्या म्हणतात, ‘हप्ता पुन्हा भरू नका म्हणावं. रात्रीचं उत्तर अडकलं, तर सकाळच्या ताळमेळात निघतं. पैसे गेले असतील तर पावती येईल, नाहीतर परत जमा होतील.’

हे कुठेही लिहिलेलं नाही. मायकेल पोलान्यी या विचारवंतानं अशा ज्ञानावर 1966 मध्ये एक छोटं पुस्तकच लिहिलं. आपल्याला सांगता येतं त्याहून जास्त कळत असतं, हे त्याचं म्हणणं. दादरला उतरायचं तर विरार लोकलमध्ये कुठून सरकायला लागायचं, हे कुणाला लिहून देता येईल का? ताईंचं ज्ञान मात्र लिहिता येण्याजोगं आहे, आणि त्यासाठी विकी आहे. वॉर्ड कनिंगहॅम यानं 1995 मध्ये कुणालाही दुरुस्त करता येतील अशी पानं बनवली आणि होनोलुलूच्या विमानतळावरच्या ‘विकी विकी’ बसचं नाव त्यांना दिलं. हवाई भाषेत विकी म्हणजे झटपट. मुलगा नवं पान उघडतो, शीर्षक टाकतो, ‘504 आल्यास’. तेवढ्यात पुढचा फोन.

पण त्याआधी त्यानं काकूंना ताईंचं वाक्य सांगितलेलं असतं. मॅडमऐवजी काकू म्हणून. तसं म्हटलं, की कॉलच्या तपासणीत त्याचे गुण कापतात.

[दृश्य : सकाळचे साडेसहा. गॅलरीत दुधाची पिशवी.]

काकूंच्या मोबाइलवर संदेश. ‘तुमची तक्रार सोडवण्यात आली आहे. 1 ते 5 पैकी गुण द्या.’ पावतीचा पत्ता नाही. काकू चष्मा लावतात, आणि गुणांच्या चौकटीत एका बोटानं टाइप करतात : ‘पैसे गेले का ते सांगा.’

मालाडच्या पडद्यावर तिकिटाचा रंग बदलतो. रीओपन्ड. घड्याळ पुन्हा शून्यापासून.