काहून विचारणारी माय

(एका गावच्या सार्वजनिक वाचनालयात पालकांपुढे केलेलं भाषण. बोलण्याचा बाज तसाच ठेवून थोडी काटछाट केली आहे. वऱ्हाडीत ‘काहून’ म्हणजे ‘का’.)

वेचणीचे दिवस आहेत. दिवसभर वावरात वाकून आलेल्या माणसाला रात्री आठ वाजता भाषण ऐकायला बसवणं हा तसा जुलूमच आहे. म्हणून आधी एक खेळ खेळू. या फळ्यावर मी दोन वाक्यं लिहितो. ज्यांना वाचता येतं त्यांनी मोठ्यानं वाचा, बाकीच्यांनी ऐका.

‘काल सायंकाळी ढंबूने तीन गुमळ्या डिंबटल्या. त्यामुळे झिंगोळी फार फुसमटली.’

आता प्रश्न. गुमळ्या कोणी डिंबटल्या? ढंबूने, बरोबर. किती? तीन. कधी? काल सायंकाळी. आणि झिंगोळी काहून फुसमटली? हां, गुमळ्या डिंबटल्या म्हणून. वा! सगळ्यांना पैकीच्या पैकी मार्क. आता कोणी मला सांगा, गुमळी म्हणजे काय?

हसू नका. तुमची लेकरं पहिलीपासून दहावीपर्यंत हेच करतात. प्रश्नातला शब्द धड्यात शोधायचा, तो सापडला की पुढची ओळ उतरवून काढायची. गाईडमध्ये तर शोधायचीही गरज नाही. मार्क पडतात, गावात पेढे वाटले जातात, आणि तेच पोरगं कॉलेजात गेल्यावर एक पान स्वतःहून वाचून त्यात काय म्हटलंय ते सांगू शकत नाही. मी ३१ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरकी केली. अशा गुमळ्या मीही पुष्कळ शिकवल्या, हे आधीच कबूल करतो.

‘असर’ नावाची एक पाहणी होते, तुम्ही पेपरात वाचलं असेल. त्यात लोक शाळेत नाही, घरी येतात आणि लेकराच्या हातात दुसरीच्या पातळीचा एक छोटा उतारा देऊन ‘वाच’ म्हणतात. २०२२ साली ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी फक्त ४२.८ टक्के मुलांना तो वाचता आला. यावर आरडाओरड झाली, ती व्हायलाच पाहिजे होती. पण माझी काळजी निराळी आहे. ज्यांना तो घडाघडा वाचता आला, त्यांतल्या किती जणांना तो कळला?

गॉफ आणि टनमर या वाचनाच्या दोन अभ्यासकांनी १९८६ साली एक साधं सूत्र मांडलं. अक्षरं उलगडता येणं गुणिले भाषा समजणं, बरोबर वाचून समजणं. बेरीज नाही, गुणाकार आहे, हे ध्यानात ठेवा. बियाणं आणि ओल यांचा असतो तसा. बियाणं महागाचं आणलं आणि जमिनीत ओलच नसली, तर तुम्हाला ‘अर्धं पीक’ मिळत नाही, काहीच मिळत नाही. आपल्या शाळांचा सगळा जीव बियाण्यात अडकलेला आहे. बाराखडी, जोडाक्षरं, पाठांतर. ते लागतंच, त्याला माझा विरोध नाही. पण ओल कुठून येते? लेकरू शाळेत पाय ठेवण्याआधी सहा वर्षं घरात, ओसरीवर, धुऱ्यावर जे ऐकतं आणि बोलतं, त्यातून येते.

एक गंमत सांगतो. पाचवीच्या वर्गात मी पेपरातलं एक कात्रण वाचायला दिलं होतं. एक मोठे गवई वारले होते, त्यांच्याविषयी लिहिलं होतं: ‘त्यांच्या गायकीने रसिकांना भारावून टाकले.’ मी म्हटलं, यात काय झालं त्याचं चित्र काढा. एका पोरानं काय काढलं असेल? हातात काठी, डोक्याला दुपट्टा, मागं ढोरं. म्हणजे आपला गायकी, गावची ढोरं आखरावरून चरायला नेतो तो. त्या गायकीनं समोरच्या माणसाच्या डोक्यावर गवताचा हा एवढा भारा टाकला होता, आणि तो माणूस बिचारा रसवंतीच्या गाडीजवळ उभा. ‘हा कोण रे?’ ‘रसिक, गुर्जी. उसाच्या रसवाला.’

शिक्षकांच्या खोलीत आम्ही पोट धरून हसलो. रात्री घरी आल्यावर मात्र वाटलं, आपण चुकीच्या पोरावर हसलो. वर्गातल्या बाकी पोरांनी एक माणूस आणि त्याच्यापुढं पेटी काढली होती, कारण मागच्या बाकावर कोणीतरी ‘गाण्याचं आहे’ असं कुजबुजलं होतं. या एकट्यानं वाक्यातला प्रत्येक शब्द घेतला, आपल्याजवळच्या भाषेत त्याला जागा शोधली, आणि त्या शब्दांतून एक घडू शकेल अशी गोष्ट जुळवली. समजून घेणं म्हणजे दुसरं काय असतं? त्याला फक्त एवढं सांगणारं कोणी पाहिजे होतं की, गड्या, आपल्याकडची गायकी एक आणि पुण्या-मुंबईकडची गायकी दुसरी, दोन्ही खऱ्या. आपला सांबार म्हणजे हिरवागार कोथिंबिरीचा जुडा, आणि हॉटेलातला सांबार इडलीसोबत येतो, तसं.

आता जी गोष्ट सांगतो ती सांगायला मला जड जाते. नोकरीला लागलो तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो आणि शुद्ध भाषेचा मोठा कैवारी होतो. दुसरीत एक पोरगी होती, चुणचुणीत, सारखी बोलायची. एक दिवस उठून म्हणाली, ‘गुर्जी, मले पानी प्याले जाऊ द्या.’ मी म्हटलं, ‘मले नाही, मला. पानी नाही, पाणी. प्याले नाही, प्यायला. नीट म्हण, मग जा.’ तिनं एकदा प्रयत्न केला, चुकली. वर्ग हसला. दुसऱ्यांदा चुकली. मग खाली बसली. पाणी प्यायला गेलीच नाही. त्या दिवसानंतर ती वर्गात बोलेनाशी झाली. मला वाटलं, शिस्त लागली. दिवाळीच्या सुट्टीआधी तिची आई भेटली. म्हणाली, ‘पोरगी घरी म्हनते, माह्या तोंडातलं सारंच चुकते.’

सात वर्षांच्या लेकराला मी हे शिकवलं होतं. तिची माय जे बोलते, तिची आजी ज्यात रडते आणि शिव्या देते, ते सगळंच चूक! अशा लेकरानं मग धडा वाचून त्यावर विचार कशात करायचा? विचार करायला जी भाषा होती ती मी काढून घेतली, आणि दुसरी अजून दिली नव्हती.

पुढं मी फळ्याचे दोन भाग केले. डावीकडं ‘घरचं’, उजवीकडं ‘पुस्तकातलं’. मधली रेघ कोणी पुसायची नाही, असा नियम. डावीकडं शाया, उजवीकडं शाळा. डोया, डोळा. कोठा, गोठा. भेदरं, टमाटा. पोरं घरून शब्द आणू लागली, त्यांची चढाओढ लागली. आणि महिन्याभरात त्यांचं त्यांनाच दिसलं की आपण बोलताना जिथं ‘य’ म्हणतो, तिथं पुस्तक पुष्कळदा ‘ळ’ लिहितं. व्याकरणाचा नियम पोरांनी स्वतः शोधून काढला. मी सांगितला असता तर आठ दिवसांत विसरले असते.

झरीजामणीकडं एका कोलाम पोडावर, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवर, तीन वर्षं होतो, तिथं हा फळा जास्तच कामी आला. कोलामी ही मराठीच्या कुळातली भाषा नाहीच, ती द्राविडी. तिथल्या लेकरासाठी पुस्तकातली मराठी परकी आणि माझी वऱ्हाडीही परकीच. डावीकडचे शब्द मला येत नव्हते, ते पोरं मला शिकवत. गुरुजीला काही येत नाही हे पाहून त्यांना झालेला आनंद मी विसरलो नाही. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत माडिया, दिग्रस-पुसदकडच्या तांड्यांवर गोरमाटी, सगळीकडं हीच गत आहे.

मातृभाषेचं हे काही आजचं खूळ नाही. १९३७ च्या ऑक्टोबरात गांधीजींनी इथं वर्ध्यातच शिक्षण परिषद भरवली, तिनं सात वर्षांचं शिक्षण मातृभाषेतून आणि हाताच्या उद्योगातून द्यावं असं ठरवलं. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही शक्य असेल तिथं किमान पाचवीपर्यंत घरची भाषा हवी म्हणतं. आणि आपल्या गावात रोज सकाळी सात वाजता कॉन्व्हेंटची पिवळी व्हॅन येऊन उभी राहते. मी कोणाला नावं ठेवत नाही, इंग्रजी पाहिजेच. पण ज्या लेकराला कोणत्याच भाषेत ‘असं का झालं’ हे सांगता येत नाही, त्याला इंग्रजीतही ते येणार नाही. त्याच्या गुमळ्या फक्त इंग्रजीत होतील.

बरं, मग करायचं काय? तुम्ही म्हणाल, आम्ही कास्तकार माणसं, आम्हाला काय येतं. तुम्हाला काय येतं त्याचं एक उदाहरण देतो. चौथीतला एक पोरगा, धडा वाचताना नुसता अडखळायचा. एकदा मी कापसाबद्दल सहज काही विचारलं तर दहा मिनिटं थांबला नाही. शेंदरी बोंडअळी फुलात शिरली की पाकळ्या जाळ्यानं बांधून टाकते, फूल उमलतच नाही, गुलाबाच्या कळीसारखं दिसतं, त्याला डोमकळी म्हणतात. बोंड वरून धड दिसतं, आतून सडकं निघतं. कामगंध सापळ्यात मादीचा वास लावलेला असतो म्हणून नर पतंग फसतात. कारण, परिणाम, क्रम, सगळं जिथल्या तिथं. मग मी त्याला कृषी विभागाचं बोंडअळीवरचं पत्रक दिलं. त्यातले शब्द धड्यापेक्षा अवघड होते. पोरानं ते वाचलं, आणि त्यात एक गोष्ट राहिली आहे असंही सांगितलं!

अमेरिकेत १९८८ साली दोन संशोधकांनी सातवी-आठवीच्या ६४ मुलांना बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन वाचायला दिलं. वाचनात कच्ची, पण खेळ माहीत असलेली मुलं, वाचनात पक्की पण खेळ माहीत नसलेल्या मुलांपेक्षा पुढं निघाली. म्हणजे वाचलेलं समजायला त्या विषयाची माहिती लागते, आणि तुमच्या वावरात, स्वयंपाकघरात, बाजारात ती पोत्यानं पडली आहे. फक्त लेकराला ती बोलू द्यायची. पाटोडीची भाजी कशी करतात ते पहिल्यापासून सांग म्हणा. मधलं काही सुटलं तर म्हणा, ‘अन् मंग बेसन कोठून आलं?’

घरात पुस्तक नसेल तर पेपरातले बाजारभाव घ्या. कापूस: किमान, कमाल, सर्वसाधारण. पोराला विचारा, कमाल भाव कोणाला भेटत असेल? आपल्याला काहून नाही भेटला? या एका प्रश्नावर घरात अर्धा तास बोलणं होईल, भांडणही होईल, होऊ द्या. फवारणीच्या डब्यावरचा त्रिकोण पाहा. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, हिरवा सर्वांत सौम्य, पण विष तोही आहेच. डब्यासोबत बारीक अक्षरांची घडी केलेली चिठ्ठी असते, तिच्यातला मराठी भाग लेकराकडून वाचून घ्या आणि ‘आता हे मले समजावून सांग’ म्हणा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं आपली माणसं गेली. चिठ्ठी वाचली असती तर ती माणसं जगली असती, असं मी म्हणणार नाही, कारणं पुष्कळ होती. पण वाचून समजणं कशासाठी असतं हे लेकराला त्या चिठ्ठीइतकं कोणताच धडा सांगत नाही. डबा मात्र त्याच्या हातात देऊ नका.

मोबाइलबद्दल विचारतात सगळे. माझं म्हणणं एवढंच की त्यावर पाहिलेलं काय ते रात्री सांगायला लावा. सांगता आलं नाही, तर तो वेळ वाया गेला.

आणि ज्या मायबापाला स्वतःला वाचता येत नाही, त्यांनी गाडगेबाबांकडं पाहावं. बाबा आपल्या अमरावती जिल्ह्यातले, शेंडगावचे. लिहिता-वाचता येत नव्हतं, आणि त्यांचं कीर्तन म्हणजे प्रश्नांची सरबत्ती. वऱ्हाडीत विचारायचे, लोकांकडून उत्तर घ्यायचे, त्या उत्तरावर पुन्हा प्रश्न. हजारो लोक बसल्या जागी विचार करायला लागायचे. तुम्हाला तर एकाच लेकराला विचारायचं आहे. रात्री जेवण झाल्यावर दहा मिनिटं त्याला मोठ्यानं वाचू द्या. गोष्ट ऐन रंगात आली की थांबवा: ‘आता काय होईन?’ मग पुढं वाचू द्या. संपली की एकच विचारा: ‘त्यानं तसं काहून केलं?’ उत्तर आलं की पुन्हा, ‘काहून?’ ज्या प्रश्नाचं उत्तर ओळीवर बोट ठेवून सापडतं, तो विचारू नका, ते काम शाळेत पुष्कळ होतं. आणि लेकरू वऱ्हाडीत बोललं तर मधे दुरुस्त करू नका. माझ्यासारखं करू नका.

(भाषण संपल्यावर मागच्या रांगेतल्या एका आजींनी विचारलं: ‘गुर्जी, मले तं अक्षर येत नाई. नातवानं पुस्तक उघडून मनानंच कायबी सांगतलं, तं मले कसं समजन?’)

आजी, सांगू द्या. मनानं गोष्ट रचणं वाचण्यापेक्षा सोपं नाही. तुम्ही ‘काहून’ विचाराल तेव्हा त्याला कारण जोडावं लागेल, आणि ते पुस्तकात पाहून मिळणार नाही. दुसऱ्या दिवशी तेच पान पुन्हा वाचायला लावा. छापलेलं असेल तर तसंच येईल, मनचं असेल तर बदलेल. बदललेलं निघालं तर रागावू नका. कालची गोष्ट बरी की आजची, ते त्यालाच विचारा.

‘म्हंजे मले दोन गोष्टी ऐकाले भेटल्या,’ आजी म्हणाल्या.