अक्कण माती चिक्कण माती

श्रोतेहो, नमस्कार. साधारण २७ सप्टेंबरच्या सुमारास हस्त नक्षत्र लागतं. मग पाटावर हत्ती रेखायचा आणि त्याच्याभोवती फेर धरायचा. कुणी त्याला हादगा म्हणतं, कुणी भोंडला. या फेरातलं ‘अक्कण माती चिक्कण माती’ कुणा एकीचं नाही. बायकांनीच ते रचलं, बायकांनीच तोंडोतोंडी पुढे नेलं.

गाणं तुम्हाला पाठ आहेच. मातीत खळगा, खळग्यात जातं, जात्यातून सपीठ, सपिठाच्या करंज्या. करंज्या तबकात, तबकावर शेला, मग पालखी आणि पालखी माहेरी. माहेरी खेळायला मिळतं. आणि शेवटी? द्वाड सासर कोंडून मारतं. करंज्यांवरून निघालेलं गाणं मारापाशी येतं, श्रोतेहो, मारापाशी.

माझ्या थोरल्या मावशीच्या सोसायटीत भोंडला होता. माईक लावलेला, खुर्च्या मांडलेल्या, पुढच्या रांगेत साऱ्या सासवा. एक सून मावशीच्या कानाशी लागली, “मावशी, शेवटची ओळ तेवढी बदलूया का? सासरही सुरेख म्हणू. सासूबाई बसल्यात, बरं दिसत नाही.” मावशी फेरातच थांबली. म्हणाली, “अगं, ती एक ओळ मोठ्यानं म्हणता यावी म्हणून तर आम्ही आधीच्या सगळ्या करंज्या तळायचो!” आणि तिनं ती ओळ होती तशी म्हटली. खुर्च्यांवरून साथ आली. सासवांची! त्याही कधी सुना होत्याच की. त्यातल्या एक पदर खोचून फेरात आल्या आणि म्हणाल्या, “पुन्हा पहिल्यापासून घ्या.”

त्या दिवशी खिरापत मात्र विकतची होती. ते मला पटत नाही. डबा हलवून, आवाज ऐकून ओळखायची ती खिरापत. दुकानातल्या पाकिटात काय ओळखणार?

असो. १९२९च्या शारदा कायद्यानं मुलीच्या लग्नाचं वय १४ ठरवलं. त्याआधी आठ-दहा वर्षांच्या सासुरवाशिणीही या फेरात असत. घरात तोंड उघडायची सोय नव्हती. फेरात सगळ्या एका सुरात म्हणत, मग कुठल्या सुनेनं म्हटलं हे सासूला कसं कळणार?

आज अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांतही मुली हे गाणं म्हणतात. तुमच्या घरात आजी असेल, आत्या असेल, तर यंदा त्यांच्या आवाजात ते फोनवर रेकॉर्ड करून घ्या. शेवटच्या ओळीसकट घ्या.