मुजरा वेगळा, मत वेगळे: 'कोल्हापूर उत्तर'ची गोष्ट

हा बिंदू चौक. समोर जुन्या तटबंदीची काळी दगडी भिंत दिसते आहे, भिंतीपलीकडे उपकारागृह आहे, आणि चौकात महात्मा फुले व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे पुतळे आहेत. भाई माधवराव बागल यांच्या पुढाकाराने हे पुतळे 9 डिसेंबर 1950 रोजी उभे राहिले, म्हणजे बाबासाहेब हयात असताना. कोल्हापुरात निवडणूक लढवणाऱ्या जवळजवळ प्रत्येक पक्षाने कधी ना कधी या चौकात सभा घेतली आहे, आणि सभा कोणाची भरली, कोणाची विरली, यावर दुसऱ्या दिवशी पेठापेठांतल्या कट्ट्यांवर चर्चा झडली आहे.

निवडणूक आयोगाच्या यादीत या मतदारसंघाचा क्रमांक 276 आणि नाव 'कोल्हापूर उत्तर' आहे, पण गावात त्याला नुसते 'उत्तर' म्हणतात. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, शुक्रवार पेठ, तिकडे पंचगंगेच्या अंगाने कसबा बावडा, असा हा महापालिका हद्दीतला सुमारे 3 लाख मतदारांचा पट्टा आहे. ऊस, साखर कारखाना आणि दूध संघ यांच्या बळावर जिल्ह्याचे बाकी राजकारण चालते. येथे मात्र तालीम, तरुण मंडळ आणि गल्ली यांना विचारल्याशिवाय कोणाचे पान हलत नाही. मतदारसंघांच्या फेररचनेनंतर 2009 मध्ये 'उत्तर' आणि 'दक्षिण' अशी नावे आली. त्याआधी शहराचा मतदारसंघ नुसता 'कोल्हापूर' या नावाने ओळखला जाई, आणि आजच्या 'उत्तर'ची मुळे त्यातच आहेत.

1 मार्च 1949 रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. कालपर्यंत जी प्रजा होती ती मतदार झाली, आणि तिने लवकरच आपला कल दाखवला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याच्या ऐन भरात, 1957 मध्ये, कोल्हापूरची लोकसभेची जागा शेतकरी कामगार पक्षाच्या भाऊसाहेब महागावकर यांनी जिंकली. त्र्यंबक सीताराम कारखानीस यांच्यासारखे शेकापचे नेते याच शहरातून विधानसभेत गेले. राजधानीचे शहर लाल झेंड्यामागे गेले याचे बाहेरच्यांना आश्चर्य वाटत असे, पण शाहू महाराजांनी ज्या समाजाला शाळेची आणि वसतिगृहाची दारे उघडून दिली, त्याच समाजाची पुढची पिढी शेतकरी-कामगारांच्या पक्षात उभी राहिली, हे मला अगदी स्वाभाविक वाटते.

त्या परंपरेतले शेवटचे मोठे नाव प्रा. एन. डी. पाटील यांचे. सांगली जिल्ह्यातल्या ढवळी गावात जन्मलेले, 1978 च्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात सहकार मंत्री राहिलेले एन. डी. 1985 मध्ये कोल्हापूरचे आमदार झाले. पुढची निवडणूक 1990 ची, आणि तिने शहराचा रंगच बदलला: शिवसेनेचे दिलीप देसाई निवडून आले, त्यानंतर 1995 आणि 1999 अशा दोन्ही वेळा शिवसेनेचेच सुरेश साळोखे. लालाची जागा भगव्याने घेतली, असे सहज म्हटले जाते. पण त्याच पेठा, त्याच तालमी आणि पुष्कळदा तीच घरे या दोन्ही झेंड्यांमागे होती, आणि काँग्रेसला विरोध हा दोन्हींतला समान धागा होता. बाळासाहेब ठाकरे अंबाबाईचे दर्शन घेऊन कोल्हापुरातून प्रचाराचा नारळ फोडत, तेव्हा ऐकायला येणाऱ्यांत शेकापच्या सभांना गेलेल्या बापांची पोरे होती.

2004 मध्ये छत्रपती घराण्यातले मालोजीराजे काँग्रेसच्या हात या चिन्हावर उभे राहिले आणि विजयी झाले. राजवाडा उतरला की निकाल ठरलेला, असे तेव्हा अनेकांना वाटले असेल. पाचच वर्षांनी शहराने तो समज खोडून काढला. 2009 मध्ये लोकसभेला संभाजीराजे राष्ट्रवादीकडून उभे होते. अपक्ष सदाशिवराव मंडलिकांनी त्यांना हरवले. त्याच वर्षी विधानसभेला, नव्याने आखलेल्या 'उत्तर'मध्ये, शिवसेनेचे राजेश क्षीरसागर यांनी मालोजीराजांचा पराभव केला. एकाच वर्षात दोन्ही भाऊ पडले. यात राजघराण्याचा अवमान कोणी पाहू नये. दसरा चौकात सोने लुटायला छत्रपतींच्या मागे हेच लोक उभे राहतात, नव्या राजवाड्यासमोरून जाताना हात जोडतात, आणि मतदान केंद्रात गेल्यावर मात्र आपल्या गल्लीचा विचार करून बटण दाबतात. मुजरा वेगळा आणि मत वेगळे, हा भेद कोल्हापूरकरांइतका स्वच्छ फार थोड्यांनी पाळला असेल.

पुढची काही वर्षे टोलची होती. शहरातल्या रस्त्यांसाठी शहराच्याच वेशीवर टोल भरायचा, हे लोकांना पटेना. आमदारकी संपून वीस वर्षे उलटलेले, ऐंशी पार केलेले एन. डी. पाटील मोर्चाच्या अग्रभागी आले. त्यांच्या बरोबरीने कॉम्रेड गोविंद पानसरे होते आणि शिवसैनिकही होते. अखेर राज्य सरकारला टोल रद्द करावा लागला. तो दिवस पाहायला पानसरे राहिले नाहीत. फेब्रुवारी 2015 मध्ये त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या आणि त्यातच त्यांचा मृत्यू झाला. त्याआधीच्या, म्हणजे 2014 च्या निवडणुकीत सगळे मोठे पक्ष वेगवेगळे लढले, आणि क्षीरसागर यांनी काँग्रेसच्या सत्यजित कदम यांना 22 हजारांहून अधिक मतांनी हरवून जागा राखली.

2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचा महापूर शहरात शिरला आणि ऑक्टोबरमध्ये मतदान झाले. उद्योजक आणि फुटबॉलप्रेमी चंद्रकांत जाधव यांनी काँग्रेसला पंधरा वर्षांनी ही जागा मिळवून दिली. शाहूपुरीपासून शिवाजी पेठेपर्यंत त्यांना 'अण्णा' म्हणत. त्यांच्या निधनाने, 2 डिसेंबर 2021 रोजी, ही जागा रिकामी झाली. 12 एप्रिल 2022 च्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी जयश्री जाधव काँग्रेसकडून उभ्या राहिल्या. महाविकास आघाडीत काँग्रेससोबत असलेल्या शिवसेनेने आघाडीधर्म म्हणून हक्काची जागा सोडली, आणि समोर भाजपचे उमेदवार म्हणून पुन्हा सत्यजित कदमच होते, या वेळी हाताऐवजी कमळ घेऊन. जयश्रीताई जिंकल्या. दोनच महिन्यांत शिवसेना फुटली आणि क्षीरसागर एकनाथ शिंदे यांच्यासोबत गेले.

आणि मग 2024. जूनमध्ये मालोजीराजांचे वडील शाहू छत्रपती काँग्रेसचे खासदार म्हणून दीड लाखाहून अधिक मताधिक्याने निवडून आले होते; त्यामुळे 'उत्तर' आपलेच, असे काँग्रेसला वाटणे साहजिक होते. पक्षाने प्रथम माजी नगरसेवक राजेश लाटकर यांचे नाव जाहीर केले. काही माजी नगरसेवकांनी विरोध केला, तेव्हा ते नाव मागे घेऊन मालोजीराजांच्या पत्नी मधुरिमाराजे यांना उमेदवारी देण्यात आली. लाटकर अपक्ष म्हणून ठाम राहिले. दरम्यान विद्यमान आमदार जयश्री जाधव यांनीही काँग्रेस सोडून शिंदे यांच्या शिवसेनेत प्रवेश केला. 4 नोव्हेंबर हा माघारीचा शेवटचा दिवस होता, मुदत दुपारी तीनपर्यंत होती, आणि अगदी शेवटच्या क्षणांत मधुरिमाराजे यांनी अर्ज मागे घेतला.

पक्षाला त्यानंतर लाटकरांनाच पाठिंबा द्यावा लागला. परंतु हाताचे चिन्ह गेले ते गेलेच. मला येथे थांबून एवढेच म्हणायचे आहे की, उमेदवार कोणी असावा हा पक्षाचा अधिकार आहे, मात्र तीन लाख मतदारांसमोरचा एक पर्याय शेवटच्या घटकेला काढून घेतला जातो, तेव्हा त्या मतदाराला कोणीही काही विचारलेले नसते. दोन-अडीच वर्षांपूर्वी ज्या घरांनी हाताला मत दिले, त्यांना पंधरवड्यात प्रेशर कुकर हे नवे चिन्ह ओळखावे लागले. कार्यकर्त्यांना दारोदार जाऊन आधी उमेदवार समजावून सांगायचा आणि मग कुकर.

लढत राजेश विरुद्ध राजेश झाली. 20 नोव्हेंबरला मतदान झाले. 23 तारखेला मोजणी संपली तेव्हा क्षीरसागर 29 हजारांहून अधिक मतांनी पुढे होते, आणि जिल्ह्यातल्या दहापैकी एकही जागा महाविकास आघाडीला मिळाली नव्हती.